लिंक्डइन सोडताय? आधी हे करा

नोकरी शोधतोय हे लिंक्डइनवरून साहेबांना कळेल, ही भीती मला अनेक जण बोलून दाखवतात. मग घाईघाईत मोबाईलमधलं ॲप काढून टाकतात. पण मित्रांनो, ॲप काढलं म्हणजे खातं बंद होत नाही. प्रोफाइल तिथेच राहतं आणि लोकांना दिसत राहतं. म्हणून मी हा क्रम सुचवतो.

१) हे काम ऑफिसच्या लॅपटॉपवर करू नका. त्यावर कंपनीची नजर असू शकते.

२) खात्याला ऑफिसचा ईमेल असेल तर आधी स्वतःचा जोडा. नोकरी सुटली की तो ईमेल हातात राहत नाही.

३) सेटिंग्जमधल्या 'डेटा प्रायव्हसी'तून आपल्या माहितीची प्रत डाउनलोड करून घ्या.

४) मग 'अकाउंट प्रेफरन्सेस'मध्ये जाऊन 'क्लोज अकाउंट' निवडा. विचार बदलला तर १४ दिवसांच्या आत खातं पुन्हा उघडता येतं, पण मिळालेल्या शिफारशी परत येत नाहीत. गुगलवर जुनं प्रोफाइल काही दिवस दिसू शकतं.

कायमचं बंद करायचं नसेल तर तिथेच 'हायबरनेट' आहे; त्याने प्रोफाइल तात्पुरतं लपतं.

आणि 'ओपन टू वर्क' फक्त रिक्रूटर्सना दिसेल असं ठेवलं, तरी मी त्यावर विसंबणार नाही. तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरला ते दिसणार नाही याची पूर्ण हमी लिंक्डइनसुद्धा देत नाही.