महागड्या हेडफोनमधली खरखर : आधी केस शोधा

खालचा सूर वाजला की एकाच कानात खरखर येते आणि ड्रायव्हर गेला असे वाटते. बऱ्याचदा दोष एका केसाचा असतो. 50 हर्ट्झच्या सुरात ड्रायव्हरचा पातळ पडदा सेकंदाला 50 वेळा थरथरतो आणि त्याला टेकलेला केसही वाजतो.

उघडण्याआधी डाव्या-उजव्या कानाच्या वायरींची अदलाबदल करावी. खरखर त्याच बाजूला राहिली, तर दोष हेडफोनचाच.

सेनहायझर एचडी 600 सारखा हेडफोन उघडायला सोपा. कानाची गादी ओढली की खटकन निघते, खाली स्पंजची चकती असते. ती उचलून केस प्लास्टिकच्या चिमट्याने काढावा. लोखंडी चिमटा चुंबक खेचून घेतो आणि पडदा फाटतो. व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नको.

वाशीम जिल्ह्यातल्या जऊळक्यासारख्या गावात धुळीकडेही पाहावे. इथली काळी माती बेसॉल्ट खडकाची, तिच्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. ते चुंबकाला चिकटतात, नुसत्या फुंकरीने सुटत नाहीत. कॉइलच्या फटीत शिरले, तर बहुधा ड्रायव्हरच बदलावा लागतो. म्हणून वापर नसताना हेडफोन डब्यातच ठेवलेला बरा.