वेताळाची शेवटची गोष्ट: पुस्तक, मासिक आणि पडदा

कवठे येमाईत बसून तमाशावर बोलायचं सोडून आम्ही मढ्यांच्या मालिकांवर बोलणार, हे ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. गंगाराम कवठेकरांचं हे गाव. वग आणि लावण्या लिहिणारे बी. के. मोमीन कवठेकर इथलेच. राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. इथल्या माणसाला सवाल-जवाब शिकवावा लागत नाही. आणि आजची गोष्ट सवाल-जवाबाचीच आहे. फक्त सवाल करणारा प्रेतात बसलेला आहे.

सुरुवात जरा लांबून, अमेरिकेतून करू. रॉबर्ट कर्कमन या लेखकाची ‘द वॉकिंग डेड’ ही चित्रकथा ऑक्टोबर २००३ पासून महिन्याच्या महिन्याला निघायची. काळ्या-पांढऱ्या चित्रांची. मेलेली माणसं उठून चालतात आणि जिवंतांना खातात, अशा जगात रिक नावाचा पोलीस आपलं कुटुंब जगवतो. २०१० मध्ये तिच्यावर दूरचित्रवाणी मालिका आली. दोन्हींची तुलना करणारे बहुतेक जण पात्रांची यादी करतात. डॅरिल हा मालिकेचा लाडका धनुर्धारी चित्रकथेत नाहीच, वगैरे. आम्हाला त्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो शेवट. चित्रकथेत रिक मरतो आणि शेवटचा अंक त्याच्या मुलाचा, कार्लचा आहे. तो मोठा झालाय, त्याला मुलगी आहे, मेलेली माणसं आता दुर्मिळ झालीत. जुलै २०१९ मध्ये १९३ वा अंक आला आणि कर्कमनने आधी काही न सांगता दुकान बंद केलं. वाचकांना सुगावा लागू नये म्हणून पुढच्या अंकांची खोटी मुखपृष्ठंसुद्धा जाहीर केली होती!

मालिकेचं काय झालं? २०१८ मध्ये त्यांनी कार्लला मारून टाकलं. म्हणजे मूळ गोष्टीचा शेवट ज्याच्या खांद्यावर होता, तोच गेला. त्याच वर्षी रिकला हेलिकॉप्टरमधून उचलून नेलं, मारलं मात्र नाही, कारण त्याच्यावर पुढे आणखी काही काढायचं होतं. ते २०२४ मध्ये निघालंच. मुख्य मालिका २०२२ मध्ये १७७ भागांवर थांबली, पण तिच्या पोटातून निघालेल्या मालिका चालूच राहिल्या. मालिकेच्या धंद्यात शेवट परवडत नाही, एवढं इथून आपण उचलू आणि घरी परत येऊ.

घरी म्हणजे कुठे? पैठणला. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला. त्यात वेताळकथा येतात, आणि त्या सुरू होतात गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानात. राजाचं नाव त्रिविक्रमसेन. उज्जैन नाही, विक्रमादित्य नाही. पुढे हिंदी ‘बैताल पचीसी’त राजा उज्जैनचा विक्रम झाला, आणि तोच सगळीकडे गेला. आपल्याकडे सदाशिव काशीनाथ छत्र्यांची मराठी ‘वेताळपंचविशी’ १८३० ची, मराठी छापील गद्य जेमतेम उभं राहत होतं तेव्हाची. तरीही आज पैठणकराला विचारलं तर वेताळ आपल्या गावचा हे त्याला बहुधा माहीत नसतं. असो.

गोष्ट अशी. क्षांतिशील नावाचा एक भिक्षू रोज दरबारात येऊन राजाला एक फळ देतो. राजा ते कोठाराकडे पाठवतो. एक दिवस माकडाने फळ फोडलं तर आत रत्न! एवढी रत्नं देणाऱ्याचं ऋण कसं फेडायचं? भिक्षू म्हणतो, कृष्ण चतुर्दशीच्या रात्री स्मशानात ये, शिंशपाच्या झाडाला लटकलेलं प्रेत मला आणून दे. राजा प्रेत खांद्यावर टाकतो. प्रेतात वेताळ शिरलेला असतो. तो गोष्ट सांगतो, शेवटी कोडं घालतो, आणि अट अशी की उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोकं फुटेल. राजा तोंड उघडतो, मौन मोडतं, वेताळ प्रेतासकट झाडावर परत.

इथवर सगळ्यांना पाठ आहे. पुढचं सांगा बरं कुणीतरी. आम्ही हा प्रश्न बऱ्याच ठिकाणी विचारतो आणि बहुतेक वेळा सभा गप्प होते.

नाव पंचविशी, पण सोमदेवाकडे कोडी आहेत चोवीस. चोविसावी गोष्ट दक्षिणेतल्या एका राज्यातली. राजा मारला जातो, राणी आणि राजकन्या रानात पळतात. एक सरदार आणि त्याचा मुलगा वाळूत दोघींची पावलं बघतात आणि आपसात ठरवतात: मोठ्या पावलाची बापाची, लहान पावलाची मुलाची. सापडल्यावर कळतं की मोठी पावलं मुलीची होती. शब्द दिलेला, तेव्हा बापाने मुलीशी लग्न केलं आणि मुलाने तिच्या आईशी. दोघींना मुलं झाली. त्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? आत्या, मावशी, साडू, मेहुणा असे चिक्कार शब्द बाळगणारी आपली भाषासुद्धा इथे अडखळते. राजाला खरंच उत्तर येत नाही, म्हणून तो गप्प चालत राहतो. वेताळ खूश होतो आणि तेव्हा खरं सांगतो: हा भिक्षू तुझाच बळी देणार आहे. त्याला विद्याधरांचं राज्य हवंय.

म्हणजे पंचविसावी गोष्ट राजाची स्वतःची. रात्रभर तो ज्याच्यासाठी राबला तो त्याच्या मुळावर उठलेला, आणि ज्याला ओझं समजून वाहिलं तोच त्याला वाचवणारा. हे काढून टाकलं की उरतो फक्त चिकाटीचा धडा. राजा हट्टी, प्रयत्न सोडत नाही, शाबास! ते ठेवलं तर प्रश्न पडतो की एवढा न्यायी, एवढा हुशार राजा कोणाच्या कामावर होता, आणि त्याने ते आधी का विचारलं नाही. तेवीस परक्या भांडणांचा निवाडा त्याने चटचट केला. स्वतःच्या बाबतीत मात्र प्रेताने सांगेपर्यंत कळलं नाही.

आता मासिक. ‘चंदामामा’ मद्रासमध्ये जुलै १९४७ मध्ये सुरू झालं, नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांचं. दोघंही सिनेमातली माणसं, ‘मायाबजार’ काढणारी. १९५२ पासून मराठीत ते ‘चांदोबा’ म्हणून येऊ लागलं. के. सी. शिवशंकरन यांचं ते चित्र साठी ओलांडलेल्या श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे आत्ताच आलं असेल: हातात तलवार, खांद्यावर प्रेत, भोवती स्मशान. २०२० मध्ये ते वारले.

महिन्याला एक गोष्ट म्हटली तर पंचवीस गोष्टी दोन वर्षांत संपणार. वाचकांना तर त्या हव्याच होत्या. मग संपादकांनी नव्या गोष्टी रचून घेतल्या, त्याच चौकटीत, वर्षानुवर्षं. चौकट चालू ठेवायची तर भिक्षूचं रहस्य उघडता येत नाही. दर महिन्याच्या ठरलेल्या सुरुवातीतून भिक्षू गळाला तो तिथेच. राजा झाडापाशी जातो, प्रेत उतरवतो, चालू लागतो. कुणासाठी, ते कशाला सांगायचं! याला आम्ही फसवणूक म्हणणार नाही. त्या नव्या गोष्टींतल्या कित्येक उत्तम होत्या, आणि न्याय म्हणजे काय यावर घराघरात पोरं आईबापांशी वाद घालायची, ही लहान गोष्ट नव्हे. पण शेवट गेला तो गेलाच.

१९८५ मध्ये दूरदर्शनवर रामानंद सागरांची ‘विक्रम और बेताल’ आली. विक्रम अरुण गोविल, बेताल सज्जन. गोविल, दीपिका आणि सुनील लहरी इथूनच पुढे ‘रामायणा’त गेले. मालिकेची मर्यादा अशी की बेतालाला संवाद आहेत, तेव्हा नट बोलता-हसता हवा. म्हणून प्रेत आणि त्यात शिरलेला वेताळ या दोन वस्तूंची एकच झाली: पांढऱ्या केसांचा, खिदळणारा म्हातारा राजाच्या पाठीवर. चित्रात खांद्यावर मढं आहे हे विसरता येत नाही. पडद्यावर ते आठवतसुद्धा नाही. पोरं घाबरण्याऐवजी हसली, आणि सज्जन यांचं काम इतकं गोड की त्यांना दोष तरी कसा द्यावा.

मग २०२० ची वेबमालिका ‘बेताल’, चार भागांची. सहदिग्दर्शक आपले निखिल महाजन. नायकाचं नाव मुद्दाम विक्रम. आदिवासी गावाजवळच्या डोंगरातला बोगदा रस्त्यासाठी उघडतात आणि आतून लाल कोटातले कंपनी सरकारचे मेलेले सैनिक बाहेर येतात. इथे उलटं झालंय. प्रेतं भरपूर, कोडं एकही नाही. नायकाने कोणाचे हुकूम पाळले हा प्रश्न मात्र तिथे आहे, आणि तोच तर पंचविसाव्या गोष्टीचा प्रश्न. बनवणाऱ्यांच्या मनात तो धागा होता की नाही, कोण जाणे. आम्हाला तरी तीच त्या मालिकेची खरी जमेची बाजू वाटते; बाकी गोळीबार फार आहे.

झॉम्बी हा शब्द हैतीचा. (आपल्या मराठीत झोंबी म्हणजे अंगाला अंग भिडवणं, आनंद यादवांच्या पुस्तकाचं नाव, त्याचा इथे संबंध नाही.) हैतीतला झॉम्बी माणसं खात नाही, तो राबतो. मेल्यावरही मालकाच्या मळ्यात राबायला लावलेलं शरीर, गुलामगिरीची आठवण. माणसं खाणारा झॉम्बी १९६८ मध्ये रोमेरोच्या सिनेमाने आणला. वेताळ या दोन्हींत बसत नाही. तो कुणाचा नोकर नाही. इंग्रजीत रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये त्याला रक्तपिपासू पिशाच्चाचं नाव दिलं, तेही चुकीचंच. सोमदेवाच्या गोष्टीत दुसऱ्याला हुकमाचा ताबेदार करू पाहणारा एकच, तो भिक्षू.

आणि पुस्तकाबाहेरचा वेताळ? तो शिवेवर बसलेला आहे. शेंदूर फासलेला धोंडा, भोवती लहान दगडांचं कडं, ते त्याचं सैन्य. अमावस्येला तो फेरीला निघतो म्हणतात. पुण्यात आख्खी टेकडी त्याच्या नावाची. गोव्यात लोलयेला त्याची माणसाहून उंच दगडी मूर्ती आहे. तो गोष्टी सांगत नाही, राखण करतो. सोमदेवाचा वेताळ शेवटी राजाची राखण करतो, हे या धोंड्याला नारळ देणाऱ्या माणसाला ऐकवलं तर त्याला मुळीच नवल वाटणार नाही. नवल वाटेल ते टीव्ही बघून मोठ्या झालेल्यांना.

जाता जाता तमाशाकडे. पूर्वी वग रात्रभर चालायचा, पण उजाडायच्या आत संपवावाच लागायचा. पुढचा भाग पुढच्या महिन्यात, असं सांगून माणसं घरी पाठवता येत नव्हती. वेताळाची मूळ गोष्टही एका रात्रीची, आणि तिचा शेवट तर वगातच शोभेल असा. भिक्षू राजाला म्हणतो, देवापुढे आडवा पड, साष्टांग नमस्कार घाल. मान खाली गेली की तलवार चालवायची, असा त्याचा बेत. पण वेताळाने आधीच पढवून ठेवलंय. राजा भोळं तोंड करून विचारतो, आम्ही राजे, आम्हाला लोक नमस्कार घालतात, आम्हाला तो कसा घालायचा ठाऊक नाही. महाराज, एकदा करून दाखवता का? भिक्षू करून दाखवायला वाकतो. ही जागा चांगल्या सोंगाड्याच्या हाती पडली, तर तलवार उचलायच्या आधीच फड डोक्यावर घेतला जाईल.