रविवारची मिस्सा आणि क्रिकेटचे सामने

हौशी क्रिकेट संघांचे सामने बहुधा रविवारीं होतात, कारण नोकरदारांस तोच दिवस मोकळा. आणि आम्हां कॅथॉलिकांवर मिस्सेचें बंधनही त्याच दिवसाचें. इ. स. १९४८ सालीं मुंबईंत डॉ. होरमसजी कांगा यांच्या नांवें पावसाळी साखळी सामने सुरू झाले. त्यांचे रविवार आमच्या खेळाडूंस सोपे नव्हते. मिस्सा तेव्हां सकाळींच होई आणि ख्रिस्तशरीर स्वीकारणारास मध्यरात्रीपासून पाणीही वर्ज्य असे.

कप्तानाचें कसब अशा वेळीं दिसे. फलंदाजी आधीं आली तर मिस्सेहून येणारास खालच्या क्रमांकावर ठेवावें. क्षेत्ररक्षण आलें तर प्रतिपक्षाच्या कप्तानाची संमति घेऊन बदली गडी उभा करावा. ही संमति हक्काची नसे, सौजन्याची असे. आमच्या मतें क्लब क्रिकेटचें खरें भूषण तेंच. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत १९४६ पर्यंत संघच धर्मावरून पाडलेले असत, ख्रिस्ती खेळाडू ‘इतरां’त मोडत. (त्याच ‘इतरां’च्या ३८७ धावांपैकीं ३०९ विजय हजारे यांनीं १९४३ च्या अंतिम सामन्यांत एकट्यानें काढल्या, हें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.)

१९५३ सालीं पोप बारावे पायस यांनीं उपवास सौम्य करून सायंकाळच्या मिस्सेस वाट दिली. १९५७ सालीं उपवास तीन तासांवर आला. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणें आदल्या सायंकाळची मिस्साही चालते. तरी रविवारची सकाळ न सोडणारे गडी आहेतच, आणि कप्तान त्यांस अजून खालच्या क्रमांकावर ठेवतात.