अल्बर्ट, फ्रँकी

(२७ जानेवारी १९२० – ५ सप्टेंबर २००२). अमेरिकन फुटबॉलमधील आद्य डावखुऱ्या क्वार्टरबॅकपैकी एक आणि प्रशिक्षक. जन्म शिकागो येथे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संघात तो प्रथम टेलबॅक होता. १९४० मध्ये प्रशिक्षक क्लार्क शॉनेसी यांनी ‘टी’ व्यूह (पहा : अमेरिकन फुटबॉल) स्वीकारून त्याला क्वार्टरबॅक केले. या व्यूहात क्वार्टरबॅक सेंटरच्या थेट मागे उभा राहून चेंडू हातात घेतो. त्यामुळे पुढची चाल प्रतिपक्षापासून लपवता येते. आदल्या हंगामात एकच सामना जिंकलेला हा संघ त्या वर्षी अपराजित राहिला. १ जानेवारी १९४१ रोजी रोझ बोल सामन्यात या संघाने नेब्रास्कावर २१–१३ असा विजय मिळवला.

दुसऱ्या महायुद्धात अल्बर्टने नौदलात सेवा केली. १९४६ ते १९५२ या काळात तो सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनायनर्सकडून खेळला. ‘बूटलेग’ ही चाल रूढ करण्याचे श्रेय त्याला दिले जाते. तीत क्वार्टरबॅक सहकाऱ्याला चेंडू दिल्याचा आभास निर्माण करतो, तो कमरेआड दडवतो आणि उलट दिशेने धावत सुटतो. डावखुऱ्याला डावीकडे धावता-धावता, शरीर न वळवता चेंडू फेकता येतो. उजव्या बाजूची सवय असलेल्या बचावफळीला ते अनोळखी होते. १९४८ मध्ये २९ टचडाउन पास देऊन त्याने ऑटो ग्रॅहमसोबत (पहा : ग्रॅहम, ऑटो) सर्वोत्तम खेळाडूचा मान विभागून घेतला. १९५३ मध्ये तो कॅनडातील कॅलगरी स्टँपीडर्सकडून खेळला.

१९५६–५८ मध्ये तो फॉर्टीनायनर्सचा मुख्य प्रशिक्षक होता. पॅलो ॲल्टो येथे त्याचे निधन झाले.