कोई मासा मूळचा भातशेतकऱ्याचा

आज थोडा इतिहास सांगतो.

सायप्रिनसचं बीज आणलं की हजारो काळपट बोटुकल्यांत क्वचित एखादं नारिंगी पिल्लू निघतं. आपण ते बाकीच्यांबरोबर तळ्यात सोडून देतो. लांबूनही उठून दिसत असल्यामुळं खंड्या नाहीतर बगळा आधी त्यालाच उचलतो. जपानच्या निगाता प्रांतातल्या डोंगरी शेतकऱ्यांनी दोनशे वर्षांपूर्वी अशी पिल्लं वेगळी काढून सांभाळली. आज हॉटेलांच्या हौदात आणि बंगल्यांच्या बागेत दिसणारा रंगीत कोई मासा त्यातूनच आला. २०१८ मध्ये हिरोशिमाच्या एका लिलावात लाल-पांढरी कोई मादी २० कोटी ३० लाख येनला विकली गेली, म्हणजे तेव्हाच्या दरानं साधारण १३ कोटी रुपये. ऐकून वाटतं हा राजवाड्यातला मासा असणार. पण त्याचं मूळ भाताच्या खाचरात आहे.

आधी जात समजून घेऊ. जपानी भाषेत ‘कोई’ म्हणजे साधा कार्प. रंगीत माशाला ते ‘निशिकिगोई’ म्हणतात, म्हणजे किनखाबी कार्प. आपल्या शेततळ्यातला सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, हा त्याचा सख्खा भाऊच. आपल्या देशात हा कार्प १९३९ मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आला आणि १९५७ मध्ये त्याचं दुसरं वाण बँकॉकहून आलं.

कार्पला मान होता तो रंग येण्याच्याही आधीपासून. चीनमध्ये जुनी कथा आहे. पीत नदीच्या धारेविरुद्ध पोहत जाऊन जो कार्प ‘ड्रॅगनच्या दारा’वरून उडी मारतो, त्याचा ड्रॅगन होतो. त्यामुळं कार्प म्हणजे चिकाटी. जपानमध्ये ५ मे रोजी मुलांच्या सणाला घरोघरी काठीवर कापडी कार्प फडकवतात. त्यातला सगळ्यात मोठा, बापाचा मानलेला मासा काळा असतो. ध्यानात घ्या, मान आधी काळ्या, खाण्याच्या माशाला होता. रंग मागून आला.

तो आला यामाकोशी आणि ओजिया या भागात. जुन्या काळी या मुलखाला ‘वीस गावांचा मुलूख’ म्हणत. डोंगरउतारावर पायरीपायरीची भातखाचरं, चिकणमाती आणि हिवाळ्यात तीन-तीन मीटर बर्फ. खाचरांच्या वरच्या अंगाला बर्फाचं पाणी साठवायला तळी खोदलेली. त्या पाण्यावर भात व्हायचा आणि त्याच तळ्यात काळा कार्प वाढायचा. बर्फानं वाटा बंद झाल्या की बाहेरून काही यायचं नाही, तेव्हा हा मासा ताटात असायचा. वाटा बंद होणं म्हणजे काय, ते एका गोष्टीवरून कळेल. पलीकडं जायला रस्ता हवा म्हणून यामाकोशीच्या एका वाडीच्या लोकांनी १९३३ ते १९४९ एवढा काळ कुदळीनं डोंगर कोरला आणि सुमारे ९०० मीटरचा बोगदा काढला.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या तळ्यांत लाल, पांढरे मासे दिसू लागले. यात चमत्कार काही नाही. छोट्या तळ्यात पिढ्यानपिढ्या त्याच माशांची पैदास होत राहिली की दबलेले गुण वर येतात. शेळीपालन करणाऱ्यांना हे सांगायला नको. फरक इतकाच, की तिथल्या लोकांनी ते मासे खाल्ले नाहीत, त्यांची जोडी लावली. शतक संपता संपता लाल-पांढरा ‘कोहाकू’ बऱ्यापैकी स्थिर झाला. पुढं काळा ठिपका आला आणि ‘सांके’ झाला. १९२७ मध्ये काळ्या अंगावर लाल-पांढरा ‘शोवा’ आला. १९१४ मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात हे मासे पहिल्यांदा देशानं पाहिले. त्यातले काही राजवाड्यात युवराज हिरोहितो यांच्याकडं गेले. तोवर हा उद्योग डोंगरातल्या शेतकऱ्यांचा घरगुती छंद होता.

आता कृषी सहायक मंडळींनी नीट वाचावं असा भाग. कोईचं वाण कधीच पूर्ण शुद्ध होत नाही. उत्तम नर-मादी घेतली तरी बहुतेक पिल्लं बिनकामाची निघतात. एक मादी लाखांनी अंडी घालते. मग चाळणी सुरू होते. शोवाची पिल्लं काही दिवसांची असतानाच काळी तेवढी ठेवतात. कोहाकूची निवड पिल्लू थोडं वाढल्यावर करतात. अशा तीन-चार फेऱ्या. शेवटी हजारातले हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे मासे उरतात. आज गचाळ दिसणारं पिल्लू तीन वर्षांनी उजळेल की आज देखणं दिसणारं फिकं पडेल, हे ओळखणारी नजर बापाकडून मुलाकडं येते. आपण ज्वारीची कणसं बियाण्याला निवडायचो, त्यातलीच ही विद्या. एक पिढी निवड थांबली, तर तळ्यात पुन्हा काळा कार्पच होणार.

१९७० च्या सुमारास जपान सरकारनं भाताचं क्षेत्र कमी करायचं धोरण आणलं, तेव्हा डोंगरातली बरीच खाचरं माशांची तळी झाली. भातानं जे बांध टिकवले होते, ते आता माशानं टिकवले.

मग २३ ऑक्टोबर २००४ ची संध्याकाळ आली. ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला. डोंगर घसरले, रस्ते तुटले, दरडींनी नदी अडून घरं पाण्याखाली गेली. यामाकोशीच्या सुमारे २,२०० लोकांना हेलिकॉप्टरनं बाहेर काढलं, गाव पूर्ण रिकामं झालं. तळी फुटली, वीज गेल्यानं हौदातली हवा बंद पडली आणि मासे मेले. जे वाचले त्यातले काही, पिढ्यांच्या निवडीतून आलेले जोडीचे मासे, पुढं हेलिकॉप्टरनंच खाली आणले. पैसा पुन्हा मिळवता येतो, पण जोडीचा मासा गेला की आजोबापासूनचं काम जातं.

बरेच लोक परतले, सगळे नाही. गाव आठशे माणसांवर आलं. २०२१ मध्ये गावानं कोईच्या चित्राचे डिजिटल दाखले विकायला काढले. ते घेणारा ‘डिजिटल गावकरी’ ठरतो. असे गावकरी आता खऱ्या गावकऱ्यांपेक्षा जास्त आहेत. मला त्याचं कौतुक आहे, पण पावसाळ्यात फुटलेला बांध डिजिटल गावकरी घालणार नाही. निवडीची नजर टिकायची तर बांधावर माणूस पाहिजे. आपल्या डोंगरी तालुक्यांतली पडीक खाचरं पाहिली की हे मला फार लांबचं वाटत नाही.

आता कामाचं. शोभेचे कोई हौसेनं शेततळ्यात सोडणाऱ्यांनी सावध राहावं. कोई हर्पीस हा विषाणू १९९८ मध्ये इस्रायल आणि अमेरिकेत दिसला. २००३ मध्ये जपानच्या कासुमिगाउरा तलावात त्यानं हजार टनांहून जास्त पाळीव कार्प मारला. हा रोग कोई आणि सायप्रिनसला होतो. रोहू, कटला, मृगळ आणि माणूस यांना नाही. साधारण १६ ते २८ अंश पाण्यात तो जोर धरतो, म्हणजे आपला हिवाळा त्याला मानवतो. त्यामुळं नवा कोई आणला तर काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा, त्याची जाळी-बादल्या शेततळ्यात वापरू नका, आणि नको झालेला मासा ओढ्यात किंवा धरणात सोडू नका.

तुमच्याकडं सायप्रिनसमध्ये रंगीत पिल्लं निघालीत का? कुणी वेगळी वाढवली असतील तर तळ्याचा आकार आणि माशाचं वय लिहून फोटो टाका.