९४,३७,०५६ : एका मित्रसंख्येचा इतिहास

९३,६३,५८४ आणि ९४,३७,०५६ ही मित्रसंख्यांची जोडी गणिताच्या इतिहासात दीर्घकाळ देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या नावावर नोंदली गेली. त्याने ती १६३८ मध्ये मेर्सेनला कळविली, हे खरेच आहे. परंतु ही नोंद अपुरी आहे. या जोडीमागील नियम त्यापूर्वी सातशेहून अधिक वर्षे अरबी भाषेत सिद्धतेसह लिहिला गेला होता.

ज्या दोन संख्यांपैकी प्रत्येकीच्या, ती स्वतः सोडून, सर्व विभाजकांची बेरीज दुसरीइतकी येते, त्या मित्रसंख्या होत. २२० व २८४ ही जोडी ग्रीकांना ठाऊक होती. पण अशा जोड्या शोधण्याची रीत त्यांच्या उपलब्ध ग्रंथांत नाही. ती दिली हर्रानहून बगदादला आलेल्या साबित इब्न कुर्रा (८३६–९०१) याने. युक्लिडच्या 'मूलतत्त्वे' या ग्रंथाचा अरबी अनुवाद त्याने सुधारला होता. त्याची सिद्धताही त्याच वळणाची आहे.

नियम असा : २ चा एखादा घात घ्यावा, उदा. १२८. त्याच्या निम्म्याच्या तिपटीतून १ वजा केल्यास १९१ आणि त्याच्याच तिपटीतून १ वजा केल्यास ३८३ मिळतात. १९२ व ३८४ यांच्या गुणाकारातून १ वजा केल्यास ७३,७२७ येतात. या तिन्ही मूळ संख्या असतील, तर १२८ × १९१ × ३८३ आणि १२८ × ७३,७२७ या मित्रसंख्या ठरतात. त्याच लेखारंभी दिलेल्या दोन संख्या होत.

नियम सोपा, परंतु अट कठोर आहे. ८ घेतल्यास तिसरी संख्या २८७ म्हणजे ७ × ४१ येते आणि रीत अडते. १६ घेतल्यास २३, ४७ व १,१५१ या तिन्ही मूळ निघतात आणि १७,२९६ व १८,४१६ ही जोडी मिळते. कमालुद्दीन अल-फारिसी (मृत्यू सु. १३१९) याने ती दिली, फर्माने तीच १६३६ मध्ये कळविली. ३२ व ६४ या दोन्ही घातांत ९५ ही संयुक्त संख्या आड येते. १२८ ची पाळी आल्यावर ७३,७२७ मूळ आहे हे ठरविण्यासाठी ३ पासून २७१ पर्यंतच्या ५७ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात इराणमधील मुहम्मद बाकिर यज्दी याच जोडीपर्यंत पोहोचला होता.

फर्मा व देकार्त यांनी स्वतंत्रपणे शोध लावला, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र वर्गात केवळ त्यांचीच नावे सांगितली, तर विद्यार्थ्याच्या मनात ग्रीक काळ व सतरावे शतक यांच्यामध्ये एक रिकामी जागा उरते. ती जागा रिकामी नव्हती. ५७ भागाकार वर्गातील मुलांनी वाटून घेतले, तर एका तासिकेत ही गोष्ट त्यांच्या हाती येऊ शकते.