विनोदी लेखक महापौर होतो तेव्हा: कालखंड कुठून सुरू करायचा?

पीएचडीचा प्रस्ताव घेऊन गेलात की गाईड एक प्रश्न हमखास विचारतात: "कालखंड हाच का?" बरेच जण दोन ठळक सालं टाकून मोकळे होतात. हाच प्रश्न आज एका माणसाच्या आयुष्याला लावून बघू या.

माणूस म्हणजे योन ग्नार. जन्म 1967, आइसलँडची राजधानी रेक्याविक. वडील पोलीस. पोरगा शाळेत रमला नाही, पंक संगीतात रमला. पुढे रेडिओ, मग टीव्ही. 1997 ते 2001 एका स्केच कॉमेडी मालिकेत लेखन आणि अभिनय. 2007 मध्ये आली 'रात्रपाळी'. पेट्रोल पंपावरचे तिघे, आणि त्यांचा प्रमुख गेऑर्ग: पाच डिग्र्या घेतलेला, हाताखालच्यांना छळणारा. सहलेखकांबरोबर लिहिलेलं हे पात्र ग्नारने स्वतःच केलं.

2009 च्या अखेरीस त्याने पक्ष काढला. नाव 'बेस्ट पार्टी', म्हणजे सर्वोत्तम पक्ष! आश्वासनं काय, तर जलतरण तलावांवर फुकट टॉवेल, प्राणिसंग्रहालयात ध्रुवीय अस्वल, 2020 पर्यंत ड्रग्जमुक्त संसद. वर हेही सांगून टाकलं की आम्ही आश्वासनं मोडणार. 29 मे 2010 ला या पक्षाला 34.7 टक्के मतं आणि 15 पैकी 6 जागा मिळाल्या. ग्नार महापौर झाला. आणि हे पद शोभेचं नाही बरं का. आपल्याकडे महापालिकेचा कारभार आयुक्त चालवतो, तिथे तो महापौरच चालवतो.

आता याचं नेहमीचं स्पष्टीकरण घ्या. ऑक्टोबर 2008 मध्ये देशातल्या तीन मोठ्या बँका बुडाल्या, लोक चिडले, चिडून त्यांनी विदूषकाला मत दिलं. चूक नाही, पण अपुरं आहे. राग सगळ्यात तापलेला होता 2009 च्या सुरुवातीला. लोक भांडी बडवत संसदेसमोर उभे राहिले, जानेवारीत सरकार पडलं, एप्रिलच्या निवडणुकीत डाव्या पक्षांना बहुमत मिळालं. म्हणजे रागाला वाट मिळाली होती. मग वर्षभराने, तेही राजधानीच्या महापालिकेत, असं का व्हावं?

इथे एक वर्ष मागे जा. ऑक्टोबर 2007. बँका अजून धडधाकट आहेत. शहराच्या मालकीची ऊर्जा कंपनी आहे, घराघरात गरम पाणी आणि वीज पुरवणारी. तिची गुंतवणूक शाखा एका खासगी कंपनीत विलीन करायचा घाट घातला गेला आणि त्यावरून सत्ताधारी आघाडीच फुटली. 2006 ते 2010 या एका मुदतीत रेक्याविकने चार महापौर पाहिले. चार! आता 'आम्ही आश्वासनं मोडणार' हे वाक्य पुन्हा वाचा. ते हवेतून आलेलं नाही, त्या मतदाराने चार वर्षं जे बघितलं होतं तेच त्याला तोंडावर सांगितलं गेलं. विनोद प्राथमिक साधन म्हणून वापरायचा तर ऐकणाऱ्याला आधीपासून काय माहीत होतं, ते शोधावं लागतं.

त्यात निवडणुकीच्या सात आठवडे आधी, 12 एप्रिल 2010 ला, बँकबुडीचा चौकशी अहवाल आला. दोन हजारांहून जास्त पानं. शहराच्या नाट्यगृहात नटांनी तो रात्रंदिवस मोठ्याने वाचून काढला. रंगमंच आणि राजकारण यांच्यातली भिंत ग्नारने एकट्याने पाडली असं लिहायचा मोह झाला, तर हे आठवा.

पुढचा भाग कमी मजेशीर आहे, म्हणून कमी लिहिला जातो. 'द वायर' मालिका न पाहिलेल्यांशी युती नाही, ही ग्नारची अट परदेशी लेखांमध्ये हमखास भेटते. पण तीच ऊर्जा कंपनी त्याच्या गळ्यात पडली, हे क्वचितच. कंपनीचं कर्ज बरंचसं परकीय चलनात, कमाई क्रोनात, आणि क्रोना कोसळलेला. पहिल्याच वर्षात दर वाढवावे लागले, माणसं कमी करावी लागली. मार्च 2011 मध्ये सावरण्याची योजना ठरली, त्यात शहराने स्वतःच कंपनीला कर्ज दिलं. बालवाड्यांच्या एकत्रीकरणावरून पालक खवळले. फुकट टॉवेलवाल्याने पाणी महाग केलं, असंही म्हणता येईल.

साधनांची निवड इथे गोष्टच बदलते. प्रचारावरचा 'ग्नार' हा माहितीपट 2010 चाच, म्हणून तो विजयापाशी थांबतो. आठवणींची पुस्तकं ग्नारच्या नजरेतून. रोजचा कारभार मात्र सभांच्या इतिवृत्तांत, अंदाजपत्रकांत आणि स्थानिक वृत्तपत्रांत सापडेल. त्यासाठी आइसलँडिक वाचता यायला हवं, आणि बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं.

2014 मध्ये ग्नार पुन्हा उभा राहिला नाही. महापौर झाला त्याचा आघाडीतला साथीदार दागुर एगर्टसन, जो आधीच्या त्या चौघांपैकीच एक होता. ग्नारने 2024 मध्ये राष्ट्राध्यक्षपद लढवलं, चौथा आला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एका रीतसर पक्षातर्फे संसदेत गेला. ऊर्जा कंपनीची ती योजना मात्र 2016 पर्यंतची होती, त्याने महापौरपद सोडल्यानंतर आणखी दोन वर्षं.